मध्यंतराचा हार

“उद्धवराव, तुम्ही पूर्वी कीर्तन करायचात म्हणे?”

कुसुमताईंनी हे विचारलं तेव्हा उद्धवरावांच्या दोन्ही हातांत खुर्ची होती. ती त्यांनी खाली ठेवली, फडक्यानं पाठ पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली आणि मग म्हणाले, “कोन बोललं, बाई?”

“तुमच्या चाळीतले लक्ष्मणराव. काल आमच्याकडे पेटीचे सूर लावायला आले होते.”

“लक्ष्मणाच्या तोंडाला झाकन न्हाई. माझ्या बायकोनं बोलून दाखवलं असंल त्याच्यापाशी.”

“पण खरं का खोटं?”

“खरं हाय,” उद्धवराव म्हणाले. “पर लई जुनं झालं आता ते.” आणि त्यांनी पुढची खुर्ची उचलली.

तो बुधवार होता, म्हणून खुर्च्या गोलात. देहूरोडच्या त्या इंग्रजी लायब्ररीत कोणत्या वारी खुर्च्या कशा मांडायच्या, एवढंच इंग्रजी उद्धवरावांना येत होतं. बुधवारी रीडिंग सर्कल, म्हणजे गोल. शुक्रवारी हातात पुस्तकं धरून नाटक वाचायचं, म्हणजे रांगा. शनिवारी संध्याकाळी व्हिस्टचा पत्त्यांचा डाव, म्हणजे हिरव्या कापडाची चौकोनी टेबलं. सोमवारी बायका विणायला येत, त्या दिवशी खुर्च्या कशाही ठेवल्या तरी चाले. बायका आपापल्या ओढून घेत. गोऱ्या पलटणीसाठी बांधलेली ती कौलारू इमारत. गोरे गेले, पुस्तकं राहिली, आणि पुस्तकांबरोबर हे सगळे क्लबही राहिले. आता लष्करी डेपोतले अधिकारी, त्यांची कुटुंबं, बाजारातले दोन-चार पारशी दुकानदार असे लोक सभासद होते. उद्धवराव तिथले शिपाई. पुस्तकं झटकायची, दिवे लावायचे, चहा फिरवायचा.

कुसुमताई डेपोतल्या एका इंजिनियरच्या पत्नी. वय लहान, माहेर पुण्याचं, आवाज गोड. रीडिंग सर्कल त्या चालवत. त्या वाचू लागल्या की उद्धवराव दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत. कळायचं काहीच नाही, पण पुढ्यात बसलेल्या माणसांना कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि माणसं मान हलवतायत, हे बघायलाच त्यांना बरं वाटे. आठ वर्षांत त्यांच्यासमोर कुणी मान हलवली नव्हती.

“हे बघा,” कुसुमताई म्हणाल्या, “कमिटीचं म्हणणं आहे की प्रत्येक क्लबनं यंदा एक आपल्याकडचा कार्यक्रम करायचा. मला कीर्तन ठेवायचंय. माझे आजोबा मला मांडीवर घेऊन कीर्तनाला बसायचे. ते हार घालतात ना बुवांना, कपाळाला बुक्का लावतात, सगळे नाव घेतात... मला अजून तो वास आठवतो.”

“आन् मंग?”

“मग काय, मला झोप लागायची,” कुसुमताई हसल्या. “जाग यायची ती घरी, अंथरुणात. कराल ना तुम्ही?”

गोल पुरा व्हायला एक खुर्ची कमी पडत होती, ती आणायला उद्धवराव आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

*

रेल्वेलाइनच्या पलीकडे पत्र्याच्या चाळीत त्यांची खोली होती. सगुणाबाई भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. आडवं झालं की खोकला उसळायचा, म्हणून अलीकडे त्या बसूनच असत. शेजारच्या अंबुबाई भाकरी टाकून देत, ताक आणून देत, आणि वर म्हणत, “तुमच्या बुवाला सांगा, बायकूला जरा हवापालट करा म्हनावं. ह्यो धूर पिऊन मानूस जगतंय व्हय?” चाळीत उद्धवरावांना बुवा म्हणणाऱ्या त्या एकट्याच. तेही सगुणाबाईंनी शिकवलेलं.

“मला बोलावलंय,” उद्धवराव टोपी काढता काढता म्हणाले.

“कुनी? कशाला?”

“कीर्तनाला. लायबरीत.”

सगुणाबाई उशी सोडून ताठ झाल्या. “खरंखुरं बोलावलंय? नारळ देऊन?”

“इंग्रजी लायबरीत नारळ कुटला, सगुणा. पर तोंडानं बोलावलं. ‘करशील का’ न्हाई, ‘करता का’ म्हनून इचारलं.”

“मंग तुमी काय म्हनलात?”

“अजून काय न्हाई म्हनलो.”

“अवो, काय मानूस हाय का काय,” सगुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांना खोकला आला. तो ओसरेपर्यंत उद्धवराव पाण्याचा तांब्या हातात धरून बसले. खोकला थांबल्यावर सगुणाबाईंनी पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, “माझा नावाडी आट वर्सं नदीत हाय. तुमास्नी त्याची काय कीव?”

त्या नावाड्याची गोष्ट अशी, की ती उद्धवरावांच्या घरची होती. त्यांच्या आजोबांनी रचलेलं आख्यान. वडिलांनी ते आयुष्यभर गायलं आणि मरताना मुलाच्या ओटीत घातलं. पूर आलेली नदी, संध्याकाळची वेळ, आणि दृष्टी मंदावलेला एक म्हातारा नावाडी. एक वाटसरू येतो, म्हणतो, मला आत्ताच पलीकडे जायचंय. दुसरा कुणी नाव घालायला तयार नाही. म्हातारा म्हणतो, बस बाबा. आणि मधोमध गेल्यावर वल्हं मोडतं.

मराठवाड्यातल्या त्यांच्या गावात, मारुतीच्या देवळापुढे, उद्धवराव पहिल्यांदाच हे आख्यान लावून उभे होते. सगुणाबाई बायकांत बसल्या होत्या. वल्हं मोडलं, आणि त्याच घटकेला वेशीकडून माणसं पळत आली. रझाकारांच्या धामधुमीचे दिवस होते. शेजारचं गाव पेटल्याचा उजेड दिसत होता. मंडळी उठली, पोरंबाळं काखेत मारून रानात शिरली. उद्धवरावांनीही गादीवरून उडी टाकली. पायांत काही नाही, अंगात अंगरखा, हातात चिपळ्या. निरांजन तबकात तसंच राहिलं, न लावलेलं. गाव सुटलं ते सुटलंच.

उभ्या राहिलेल्या कीर्तनाची आरती करायची राहिली, हे त्यांच्या मनात असं रुतलं होतं की पुढे कुठल्या देवळात ते साधं टाळ घेऊनही बसले नाहीत. आणि बोलावल्यावाचून नारदाच्या गादीवर पाय ठेवायचा नाही, ही वडिलांची ताकीद होती. लायब्ररीच्या शिपायाला कोण बोलावणार?

सगुणाबाई मात्र दर काही दिवसांनी विचारत. भाकरी वाढताना, लुगडं वाळत घालताना, सहज. “पोचला का वो त्यो?”

“आख्यान उभ्यानं सांगायचं असतं,” उद्धवराव म्हणत. “घरात मांडी घालून सांगितलं तर ती निसती गोष्ट हुती.”

“मंग गोष्टच सांगा.”

“न्हाई.”

खरं कारण आणखी एक होतं, ते त्यांनी बायकोलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. त्या आख्यानाचा शेवट शब्दांत नव्हताच. वल्हं मोडल्यावर नावाडी हात जोडतो, म्हणतो, बाबा, मी तुला बुडवलं. वाटसरू म्हणतो, तू बस, मी बघतो. आणि तो नुसत्या हातांनी पाणी मागे सारतो. नाव काठाला लागते. नावाडी वळून बघतो, तर फळीवर कुणी नाही, नुसते दोन ओले तळवे उमटलेले. जन्मभर ज्यानं लोकांना पार नेलं, त्याला आज कुणीतरी नेलं, हे म्हाताऱ्याला कळतं, आणि तो हसतो. तिथं आख्यान संपतं. वडील म्हणायचे, “ते हसू तुला आलं तर आख्यान तुझं. न्हाई आलं तर तू निसताच बडबडलास.” वडील हसायचे तेव्हा देवळातलं लहान मूलसुद्धा हसायचं, आणि बायका पदरानं डोळे पुसायच्या.

“करतो म्हना,” सगुणाबाई म्हणाल्या. “मी येनार ऐकायला. उचलून न्या लागलं तर.”

*

कार्यक्रम शनिवारी ठरला. शनिवारी व्हिस्ट असतो, पण सेक्रेटरी मेजरसाहेब म्हणाले की व्हिस्टवाले लोक आयते येतील, कीर्तन ऐकतील, चहा घेतील आणि मग पत्त्यांना बसतील. मेजरसाहेब निवृत्त झालेले, पंजाबकडचे, दिलदार माणूस. उद्धवरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “फर्स्ट क्लास, उद्धव. हम सब सुनेंगे.” किती वेळ लागतो हे त्यांनी विचारलं नाही. उद्धवरावांनीही सांगितलं नाही. वेळ मागायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी आपल्याशीच ठरवलं, पूर्वरंग आटोपता घेऊ. निरूपण थोडक्यात, आणि लगेच नदीवर.

दुपारी त्यांनी स्वतःच खुर्च्यांच्या रांगा लावल्या, स्वतःच हॉल झाडला, स्वतःच कपाटापुढं सतरंजी घालून वर पांढरी चादर अंथरली. ती नारदाची गादी. मागं काचेच्या कपाटात सोनेरी अक्षरांची इंग्रजी पुस्तकं. चौरंगावर त्यांनी घरची विठोबाची तसबीर ठेवली, तबकात निरांजन, कापूर, खडीसाखर. मग मागच्या खोलीत जाऊन शिपायाचा कोट काढला आणि ट्रंकेच्या तळातला अंगरखा घातला. त्याला डांबरगोळीचा वास येत होता आणि गावाकडच्या रानातले काटे लागून बाहीला पडलेली भोकं सगुणाबाईंनी रफू केली होती.

नोकरमाणसांसाठी व्हरांडा होता. लक्ष्मणरावांनी सांगून ठेवलं असणार, कारण चाळीतली निम्मी माणसं तिथं येऊन बसली. अंबुबाईंनी सगुणाबाईंना हाताला धरून आणलं. उद्धवरावांनी दाराच्या अगदी समोर, आत दिसेल अशा जागी, गोणपाट टाकून ठेवलं होतं. त्यावर त्या बसल्या, पदर कानामागं घेतला आणि आत बघत राहिल्या.

“आमच्या गावाकडं भजनात लोळतोय समदा गाव,” अंबुबाई कुजबुजल्या. “हितं तर सायेब लोक पायात बूट घालून बसल्यात.”

“बसू द्या,” सगुणाबाई म्हणाल्या. “कान तर उगडे हायत न्हवं?”

लक्ष्मणरावांनी पेटीवर सूर धरला. उद्धवराव उभे राहिले, डोळे मिटले आणि चिपळ्या वाजल्या. गादीवर उभे राहिले की त्यांची भाषा पालटायची. तिथं ‘न्हाई’ नसे, ‘हाय’ नसे, वडिलांची स्वच्छ, ठसठशीत वाणी त्यांच्या तोंडून येई. पहिल्या नमनाला आवाज जरा चिरकला. मग घसा तापला, गळा मोकळा झाला. ते निरूपण करू लागले. माणूस म्हणतो मी दिलं, मी केलं, मी पार नेलं; पण नेणारा कोण आणि जाणारा कोण, हे त्याला कधी कळतं? पुढच्या रांगेतल्या पारशी बाई चिपळ्यांबरोबर बोटं हलवू लागल्या. मेजरसाहेबांनी मान डोलावली. व्हरांड्यातून नामाचा गजर उठला तसा आतल्या एकदोघांनीही ओठ हलवले.

उद्धवरावांना वाटलं, आता. आता नदी. त्यांनी लक्ष्मणरावांकडे बघितलं. पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणं ते क्षणभर थांबले आणि नाम घेऊ लागले.

कुसुमताई चहाच्या तयारीला आत गेल्या होत्या. गजर ऐकताच लगबगीनं बाहेर आल्या. हातात तबक, त्यात झेंडूचा जाड हार आणि बुक्क्याची वाटी. कुणी न सांगता त्यांनी ती सगळी तयारी केली होती, पुण्याहून बुक्का मागवला होता. त्या पुढं झाल्या, उद्धवरावांच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला आणि वाकून नमस्कार केला. उद्धवरावांचे डोळे भरून आले. आठ वर्षांनी त्या वासानं त्यांचं नाक भरलं.

आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

आधी पुढच्या रांगेत, मग मागं, मग सगळीकडे. मनापासून, मोठ्या, थांबता थांबत नव्हत्या. इंग्रजी कार्यक्रमात हार घातला म्हणजे कार्यक्रम संपला. पाहुण्याला हार, मग आभार, मग चहा. हे तिथल्या सगळ्यांना अगदी चांगलं ठाऊक होतं. मेजरसाहेब उठून गादीच्या कडेला येऊन उभे राहिले आणि आभाराचं भाषण सुरू झालं. आधी इंग्रजीत, मग उद्धवरावांना कळावं म्हणून हिंदीत. आपल्या घरात हिरा होता आणि आपण त्याच्याकडून टेबलं पुसून घेत होतो, असं काहीतरी ते म्हणाले. लोक हसले, पुन्हा टाळ्या झाल्या. मग मेजरसाहेबांनी लायब्ररीतर्फे त्यांच्या हातात एक इंग्रजी पुस्तक ठेवलं. तांबड्या कापडाची बांधणी, वर जहाजाचं चित्र.

उद्धवराव एका हातात चिपळ्या आणि एका हातात पुस्तक घेऊन उभे होते.

“अजून आख्यान आहे ना?” कुसुमताईंनी हळूच विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“हाय, बाई.”

कुसुमताईंनी मेजरसाहेबांकडे बघितलं. मेजरसाहेब त्यांच्या यजमानांच्या वरिष्ठांच्याही ओळखीचे. माणसं उठली होती, खुर्च्या कुरकुरत मागं सरकत होत्या, कुणीतरी चहाच्या खोलीचं दार उघडलं होतं. कुसुमताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. “पुढच्या वेळी,” त्या म्हणाल्या. “मी पुन्हा ठेवीन, उद्धवराव. नक्की ठेवीन.”

“उद्धव,” मेजरसाहेब जाता जाता म्हणाले, अगदी प्रेमानं, “जरा टेबल लगा दो भाई. व्हिस्ट का टाइम हो गया.”

आरती झाल्याशिवाय गळ्यातला हार काढायचा नसतो. उद्धवरावांनी तो काढला नाही. तसबीर, तबक, निरांजन उचलून त्यांनी मागच्या खोलीत ठेवलं, चादर घडी केली, आणि अंगरखा, हार, कपाळावर बुक्का अशा वेशात हिरवी टेबलं एकेक करून मांडली. “आमचा नवरदेव बघा,” कुणीतरी गमतीनं म्हणालं. कुणाचंच मन वाईट नव्हतं. लक्ष्मणराव पेटी बंद करून तसेच बसून राहिले होते. उद्धवराव जवळून गेले तेव्हा त्यांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. “उभा हायस तवर बुवा हायस,” ते म्हणाले. उद्धवरावांनी पत्त्यांचे जोड प्रत्येक टेबलावर ठेवले.

व्हरांड्यातली माणसं पांगली होती. सगुणाबाई गोणपाटावर तशाच बसलेल्या.

“आज तर नाव सुटलीसुदिक न्हाई,” त्या म्हणाल्या.

*

घरी जाताना त्या दर दहा-वीस पावलांवर थांबत होत्या. लाइन ओलांडल्यावर एका खांबाला टेकल्या.

“हितं सांगा,” म्हणाल्या. “हितं तुमी उभंच हाव की.”

उद्धवरावांनी नकारार्थी मान हलवली. “कुसुमताई पुन्ना ठेवनार हायत. दम धर थोडा.”

त्यांचा आवाज ताठर झाला होता. जे झालं त्याचा राग त्यांना मेजरसाहेबांवर काढता आला नव्हता, कुसुमताईंवर तर नाहीच. तो राग त्या रिवाजाच्या हट्टात जाऊन बसला. एकदा अर्धं टाकून पळालो, आज अर्ध्यात टाळ्या घेतल्या. आता तिसऱ्यांदा रस्त्यावर, खांबापाशी, ओझं टाकल्यासारखं टाकून द्यायचं? ते नाही म्हणाले ते नाहीच.

कुसुमताईंनी शब्द पाळायचा प्रयत्न केला. पण आधी हॉल रंगवायला काढला, मग वेषभूषेची स्पर्धा आली, मग कमिटीचं म्हणणं पडलं की एकच कार्यक्रम लागोपाठ कशाला. बुधवारी वाचन संपलं की त्या उद्धवरावांकडे बघायच्या, आणि उद्धवराव खुर्च्या उचलण्यात गर्क असायचे.

इकडे सगुणाबाईंचं अंग उतरत गेलं. लष्करातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, औषध लिहून दिलं आणि बाहेर येऊन उद्धवरावांना म्हणाला की फार उशीर केलात. भाद्रपदात त्यांना बसणंही जमेना. अंबुबाई दिवसभर येऊन-जाऊन असत. एका संध्याकाळी उद्धवराव कामावरून आले तेव्हा सगुणाबाईंनी हात वर करून त्यांना जवळ बोलावलं.

“बसा,” म्हणाल्या.

ते बसले.

“आता बसूनच सांगा.”

हट्ट कुठं गेला ते उद्धवरावांना कळलं नाही. मांडी घालून ते बायकोजवळ सरकले आणि सांगू लागले. वल्हं मोडलं. नावाड्यानं हात जोडले. वाटसरू हातांनी पाणी सारू लागला. पण चिपळ्या नव्हत्या, सूर नव्हता, वडिलांची भाषा आली नाही. चार वाक्यांत नाव काठाला लागली. बाजारातून मीठ आणल्याची हकिगत सांगावी तसं झालं.

“पोचला तर,” सगुणाबाई म्हणाल्या.

“पोचला.”

“आन् मंग?”

“मंग त्यो हासतो.”

“कसा?”

उद्धवरावांनी त्यांच्या डोक्याखालची उशी सारखी केली.

“हासून दाखवा की,” सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मोठे झाले होते, लहान पोरीसारखे.

त्यांनी प्रयत्न केला. ओठ ताणले गेले, दात दिसले. घशातून एक आवाजही निघाला. सगुणाबाईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं, आणि मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, जसा रडणाऱ्याच्या ठेवतात.

“ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या. “गादीवर उभं ऱ्हाल तवा हासा.”

त्यानंतर एका दुपारी ते जेवायला घरी आले तर अंबुबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, नुसत्या बाजूला सरकल्या.

*

कुसुमताई भेटायला चाळीत आल्या. अंबुबाईंनी दिलेल्या पाटावर अवघडून बसल्या. म्हणाल्या, “उद्धवराव, कमिटीनं तारीख दिली. पूर्ण संध्याकाळ. व्हिस्टसुद्धा नाही त्या दिवशी.” मग पदर सावरत म्हणाल्या, “मला कळत नाही हे आत्ता सांगावं की नाही.”

“ऐकनारी गेली, बाई,” उद्धवराव म्हणाले.

“मग नको का?”

त्यांनी तसबिरीकडे बघितलं. विठोबाच्या पुढं निरांजन होतं, कोरड्या वातीचं. “आरती ऱ्हायलीया,” ते म्हणाले. “देवाचं अर्धं ठेवायचं म्हंजे बरं न्हवं. येतो मी.”

या खेपेला कुसुमताईंनी काही राहू दिलं नाही. सुरुवातीलाच उभं राहून त्यांनी सगळ्यांना इंग्रजीत समजावलं की हार मधे घालतात, तो शेवट नव्हे. कृपा करून टाळ्या वाजवू नका, आरती होईपर्यंत कुणी उठू नका. लोकांना मागचं आठवून ओशाळं वाटलं. मेजरसाहेबांनी तर बूट काढून दाराबाहेर ठेवले.

उद्धवराव उभे राहिले. नमन झालं, निरूपण झालं. कुसुमताईंनी हार घातला. हॉलमध्ये चिडीचूप. आणि नाव सुटली.

आवाज लागला होता. लक्ष्मणराव जीव ओतून पेटी वाजवत होते. पूर आला, अंधारून आलं, म्हाताऱ्यानं हातांनी चाचपून दोर सोडला. भाषा न कळणारी माणसंही पुढं झुकली. वल्हं मोडलं तेव्हा पारशी बाईंनी तोंडावर हात धरला. उद्धवराव सांगत होते आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा दाराबाहेर जात होती. व्हरांडा माणसांनी भरला होता. चाळीतली झाडून सगळी मंडळी आली होती, दाटीवाटीनं बसली होती, मुलं मांडीवर घेऊन बसली होती. दारासमोर दुपारी त्यांनीच टाकलेलं गोणपाट मात्र रिकामं होतं. ती तेवढी जागा सोडून माणसं एकमेकांच्या अंगावर रेलली होती.

नाव काठाला लागली. नावाड्यानं मागं वळून बघितलं. फळीवर कुणी नाही. दोन ओले तळवे.

पेटी थांबली. आता हसायचं.

उद्धवराव चिपळ्या छातीशी धरून उभे राहिले. समोरच्या सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते. त्यांनी श्वास घेतला. वडिलांचं हसू त्यांना ऐकू येत होतं, अगदी स्पष्ट, देवळाच्या कौलांखाली घुमणारं. ते इतकं जवळ होतं की हात लांबवला तर सापडेल. पण ते आलं नाही. ओठ हलले नाहीत, गळा हलला नाही. लक्ष्मणरावांनी एकदा वर बघितलं आणि मान खाली घातली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसं सांगितलेलंच होतं. सगळे शहाण्यासारखे, स्तब्ध, बसून राहिले. त्यांना वाटलं, शेवट असाच असतो.

मग उद्धवरावांनी वाकून निरांजन लावलं. आरती म्हटली, व्हरांड्यानं साथ केली. तबक घेऊन ते रांगांमधून फिरले. मेजरसाहेबांनी इतरांचं बघून ज्योतीवरून हात फिरवला आणि तोंडाला लावला. कुसुमताईंनी वर बघितलंच नाही. मग उद्धवराव बाहेर आले. सगळ्यांपुढं तबक धरत धरत, अंबुबाईंपुढं धरून, ते गोणपाटापाशी आले आणि थांबले.

वारा होता. ज्योत आडवी झाली, पुन्हा सरळ झाली. उद्धवराव गुडघ्यावर टेकले. डाव्या हातात तबक सावरून त्यांनी उजवा हात ज्योतीवरून नेला आणि पुढं धरला, बसलेल्या बाईचा भांग जिथं यावा तिथं, तेवढ्याच उंचीवर. लोक आपापल्या खडीसाखरेची वाट बघत बसून होते, आणि तो हात तसाच, ऊब निवेपर्यंत, तिथं राहिला.